गाड्यांवरचे कागद

नगरपालिकेच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या. नोटीस धाकटीच्या हातात होती.

"ताई, परवानगीशिवाय गाड्यांवर पत्रकं लावायची नसतात, हे मला खरंच ठाऊक नव्हतं."

"मामंजी दोन दिवस बेपत्ता. अशा वेळी नियम कोण वाचत बसतं?"

"त्यातलंच एक वाचून त्या ड्रायव्हरनं फोन केला ना. होईल तो दंड भरते मी."

खिडकीतल्या बाईंनी नोटीस वाचली.

"अहो, हा नियम जाहिरातींना आहे, माणूस शोधायच्या कागदाला नाही. आजोबा सापडले का?"

"काल सापडले. बागेत बसले होते."

"मग नोटीस रद्द करते. निवांत घरी जा."

"सुटले बाई. आता घरी जाऊन त्यांची समजूत काढायची."

"ती कशाला?"

"कागदावर मी 'विसराळू' लिहिलं, म्हणून रुसलेत."