खिशावरचं नाव

डिझाइन कुठल्या फाइलमध्ये ठेवावं, ते मला विचार, भावा. परवा आमच्या पिंपळे गुरवच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानात एक बाई कंपनीचा कोरा शर्ट घेऊन आल्या. नवरा चाकणला कामावर असतानाच वारला, कंपनीनं त्याच्या जागेवर यांना लावून घेतलं.

"दादा, आमच्या यांच्या खिशावर तुम्ही केलं होतं तसंच करा. फक्त नाव माझं घाला."

मी म्हणालो, "ताई, माझ्याकडं त्यांच्या नावाची नुसती डीएसटी फाइल आहे. तिच्यात नुसते टाके असतात, अक्षरं बदलता येत नाहीत. नवीन फाइल बनवून यायला दोन दिवस लागतील."

"ड्यूटी उद्यापासून आहे. यांचं नाव तर शिवता येईल ना?"

"ते आत्ता होईल."

"मग तेच घाला. नाहीतरी तिथं मला सगळे संतोषची बायकोच म्हणणार."