दहा नावे, हजर अकरा

नाव : दिनानाथ गोविंद चोरघे, वय ७० वर्षे, धंदा : सेवानिवृत्त (पूर्वी कारखान्यात टर्नर व कामगार संघटनेचा चिटणीस), राहणार : गोखिवरे, वसई पूर्व, जि. पालघर.

आज दि. १४/११/२०२५ रोजी सकाळी ११.२० वाजता बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी सरोजिनी हिच्यासह राहतो. माझ्यावर पूर्वी कोणताही गुन्हा नाही. तक्रारदार क्लेटन तुस्कानो, राहणार भुईगाव, हा आमच्या संघटनेचे अध्यक्ष कै. आलोशियस तुस्कानो यांचा मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याला मी होतो. त्याच्या घरातून संघटनेच्या बैठकांची नऊ इतिवृत्त-पुस्तके मी नेली, अशी त्याची तक्रार आहे. पुस्तके मी नेली, हे मला मान्य आहे.

आलोशियस व मी १९७९ साली एकाच आठवड्यात कारखान्यात लागलो. १९८४ साली संघटना निघाली. अध्यक्षपदासाठी मतदान झाले नाही. तो बोलायला उभा राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेवढ्यावर झाले. चिटणीस मी. गेटवरची त्याची भाषणे मी लिहून देत असे. तो कागद खिशात ठेवायचा आणि तेच असे बोलायचा की तीनशे माणसे हसायची. मी वाचले असते तर कोणी हसले नसते, हे मला माहीत आहे.

सन १९८७ च्या टाळेबंदीत तो नऊ दिवस उपोषणाला बसला. नऊ दिवस मीही जेवलो नव्हतो. पण मला अर्ज घेऊन मॅनेजरकडे, लेबर ऑफिसात पळावे लागे, त्यामुळे मांडवात झोपून राहण्याची सोय नव्हती. हार त्याला पडले. पेपरातल्या फोटोत माझा उजवा कोपर आला आहे. शर्टावरून ओळखू येतो. मला त्याचा हेवा वाटत असे, आजही वाटतो. साहेबांनी हे लिहायची गरज नाही म्हटले, पण माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे.

आमच्यात रीत अशी होती की, इतिवृत्त लिहिणाऱ्याने हजर सभासदांत स्वतःचे नाव घालायचे नाही. लिहिणाऱ्याने मिरवू नये, असे संघटना काढणाऱ्या जुन्या मंडळींनी बजावले होते. संख्या मात्र खरी लिहायची. त्यामुळे दर बैठकीत ‘हजर ११’ लिहिलेले आणि खाली नावे दहा. अकरावा मी. बत्तीस वर्षे मी असेच लिहिले.

आलोशियस मागील वर्षी डिसेंबरमध्ये वारला. त्याची कागदपत्रे मुंबईची एक संस्था जतन करणार आहे. त्यासाठी अनुष्का नावाची मुलगी भुईगावला येऊन यादी करत होती. यादी मला क्लेटनने कौतुकाने मोबाईलवर दाखवली. नाव होते ‘आलोशियस तुस्कानो संग्रह’. इतिवृत्तांपुढे शेरा होता : ‘हजेरीची संख्या सर्वत्र एकने जास्त. लिहिणाऱ्याची मोजणीतील चूक.’ ते वाचून माझे डोके फिरले. सबंध संग्रहात मी कुठे होतो तर तेवढ्या चुकीत.

दि. २२/१०/२०२५ रोजी दुपारी ४ च्या सुमारास मी भुईगावला गेलो. आलोशियसची पत्नी मर्सी वहिनी एकट्याच होत्या. पुस्तके चाळायला नेतो म्हणालो. त्या म्हणाल्या, “न्या की दिनाभाऊ, विचारता काय? तुमचंच तर अक्षर आहे.” मी दोन पिशव्यांत भरून रिक्षाने घरी आणली. वहिनींचा यात दोष नाही. मी त्यांना खरे कारण सांगितले नाही.

पुढील तेरा दिवस मी दर बैठकीच्या हजेरीखाली निळ्या पेनने ‘दिनानाथ चोरघे, चिटणीस’ असे लिहिले. एकूण २१२ ठिकाणी. पत्नी म्हणाली, “अहो, तो गेला, आता तरी सोडा त्याला.” मी ऐकले नाही. शेवटी शेवटी पानही वाचत नव्हतो. नावे जिथे संपत तिथे लिहायचे आणि पान उलटायचे.

त्या भरात दि. १७/३/१९९१ च्या बैठकीतही मी नाव लिहिले. शाई वाळेपर्यंत सहज नजर गेली, तर अक्षर आलोशियसचे होते. त्या दिवशी त्याच्या अभिनंदनाचा ठराव होता, पगारवाढीचा करार केल्याबद्दल. कराराचा मसुदा माझा. तो ठराव माझ्या हाताने लिहिणे मला जड गेले. आई आजारी आहे असा निरोप पाठवून मी घरी बसलो. बैठक आटोपून आलोशियस सुकेळ्यांचा पुडा घेऊन आजारी माणसाला बघायला आला. दार आईने उघडले. ती वाल सोलत होती. त्याने पुडा तिच्या हातात दिला, तब्येत विचारली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि गेला. इतिवृत्त त्याने दुसऱ्या दिवशी लिहिले. ते पान मी कधी उघडून पाहिले नव्हते. त्यात आहे : ‘चिटणीस दिनानाथ चोरघे आईच्या आजारपणामुळे गैरहजर. करार त्यांनी लिहिला आहे, सबब अभिनंदन त्यांचे करावे असे अध्यक्षांनी सुचवले. ठराव त्यांच्या नावे मंजूर.’ नऊ पुस्तकांत माझे नाव तेवढ्या एका ठिकाणी होते.

पुस्तके काल पंचांसमक्ष मी काढून दिली. त्या वेळी अनुष्का हजर होती. ती म्हणाली, “काका, मला आधी एक फोन केला असता ना, तर मी शेरा बदलला असता. आता सगळी नावं यंदाच्या शाईची आहेत, आणि त्यातलं एक तर चक्क खोटं आहे. आता बाकीची खरी कशी धरायची?”

चोरीबद्दल जो काही गुन्हा होईल तो मला मान्य आहे. माझी एकच विनंती आहे, हा कागद त्या संग्रहात ठेवावा. दि. १७/३/१९९१ च्या बैठकीला मी हजर नव्हतो. माझी आई आजारी नव्हती. उरलेल्या दोनशे अकरा बैठकांना मी होतो.

हा जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

(दिनानाथ गोविंद चोरघे)