अर्धी बांधी दोरीत

...नाही, तुम्ही हसू नका, आधी मला सांगा, दोरी ताणावी की सोडावी? कारण ताणली तरी सासूबाई पोरं घेऊन जाणार आणि सोडली तरी घेऊन जाणार, असं खुद्द सासूबाईंनीच बजावलं होतं, माझ्याच ओसरीवर बसून, माझ्याच घरचा चहा पिऊन!

तुम्हाला सांगतो, वैशाखात पोरांची आई गेली. ताप आला, गेली. ते राहू द्या. मागे उरलो मी, दहा वर्षांची शामकला आणि आठ वर्षांचा गोवर्धन. आणि केशोरीहून आलेल्या माझ्या सासूबाई, सुमित्राबाई. जायच्या दिवशी बंडी जुंपलेली, बैल शेपट्या हलवताहेत, आणि ह्या कपबशी खाली ठेवून म्हणतात कशा, 'हे पाहा जवाईबापू, मानसाच्या हातून लेकरं वाढत नाही. धान घरी येईस्तोवर ठेवते तुमच्यापाशी. मंग येऊन पाहीन. पोट्टे दबलेले दिसले तरी नेईन, अन् माजलेले दिसले तरी नेईन!' आणि बंडी गेलीसुद्धा! आता दबलेलं आणि माजलेलं यांच्या मधलं पोर कसं दिसतं हो? तुम्ही पाहिलंय कधी? मी सातवी पास माणूस, पण हे आम्हाला कोणत्याच इयत्तेत नव्हतं...

गंमत म्हणजे पोरांच्या आईला हे जमत होतं. एका हातानं धपाटा, दुसऱ्या हातानं गुळाचा खडा, आणि दोन्ही एकाच दमात! कोणतं कशासाठी ते मला कधी कळलं नाही, पोरांना मात्र बरोबर कळायचं. मी एकदा शेतातून आल्या आल्या विचारलंही होतं, 'का गं, लेकरांना धाकात ठेवायचं असतं की मोकळं?' तर म्हणाली, 'पयले हात धुवा, पान वाढलं.' झालं! मी हात धुतले, जेवलो, आणि प्रश्न राहून गेला.

मग गावाचे सल्ले. शेजारच्या जमुनाबाई सकाळी म्हणायच्या, 'आईबिगर लेकरं जी, रागवू नोका,' आणि संध्याकाळी त्यांच्या वेलावरच्या वालाच्या शेंगा गोवर्धननं तोडल्या की त्याच जमुनाबाई कुंपणावरून, 'पोट्टा हातचा गेला ना जी! झोडपत काऊन नाही?' अहो बाई, सकाळचं खरं धरू की संध्याकाळचं?

अशा घालमेलीत आषाढ लागला आणि ग्रामसेवक आला. नवाच होता, अर्धी चड्डी, सायकल, आणि हँडलला गुंडाळलेली ही एवढी दोरी. सरकारनं म्हणे धानाची जपानी पद्धत आणली! 'रोवणा दोरी लावून करा, रोपं सरळ रांगेत. शेतातली ही अर्धी बांधी दोरीत, अर्धी तुमच्या जुन्या पद्धतीनं मोकळी. मधे मातीचा धुरा घाला, आणि कापणीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा कोणतं पीक सरस.' आणि तुम्हाला सांगतो, चिखलात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरंही दोनच की! एक दोरीत, एक मोकळं! कापणीला दोन्ही सासूबाईंपुढे उभी करायची आणि म्हणायचं, यातलं जे पसंत पडेल तसंच दुसरंही वाढवतो. आहे की नाही शास्त्र?

गोवर्धनला दोरीत घेतला. कोंबड्यासोबत उठायचं, विचारल्याशिवाय अंगण ओलांडायचं नाही, सांजच्याला आतल्या खोलीत बसून मोठ्यानं पाढे म्हणायचे. शामकलाला म्हटलं, 'बाई, तू मोकळी. मनात येईल ते कर, मी विचारणार नाही.' जमुनाबाई कुंपणावर हजर! 'पोरीले मोकाट सोडलं अन् पोट्ट्याले बांधलं? उलटं झालं ना जी!' म्हटलं, 'शेंगा कोण तोडतं?' तशा लगबगीनं वेलाकडे वळल्या.

आणि मग काय व्हावं? गोवर्धन माझ्यासमोर हात जोडून, 'बाबूजी, शिंकू का?' अहो, मी हो म्हणेपर्यंत त्याची शिंक जिरून जायची! आणि ती शामकला... दिवसभर कुठं कुठं हिंडून दिवेलागणीला दारात येऊन उभी राहायची. मी ठरल्याप्रमाणे गप्प. ती हलायची नाही. शेवटी एक दिवस म्हणाली, 'बाबूजी, मी कुठं होती, विचारत काऊन नाही?' म्हटलं, 'तू मोकळी आहेस ना!' 'आई विचारे,' म्हणाली, आणि आत गेली. आता याला पीक म्हणायचं की तण? सांगा ना, दोरी ताणावी की सोडावी?

बरं, पाढ्यांचं मात्र समाधान होतं. मी ओसरीवर टेकून बसायचो, आतून खणखणीत आवाज, जिभेवर कुठं अडखळ नाही. वाटायचं, दोरीचं पीक जोरात आहे! एका सांजेला जमुनाबाई धावत आल्या, 'अजी, तुमचा गोवर्धन म्हशीच्या पाठीवर बसून तलावात जाऊन राहिला!' म्हटलं, 'शक्यच नाही. ऐका.' आतून आवाज, 'एकोणीस पाचे पंच्याण्णव!' जमुनाबाई कंबरेवर हात ठेवून, 'मंग म्हशीवर का तुमी बसले हाव?'

आत गेलो. शामकला! मांडी घालून, भावाची टोपी डोक्यावर, डोळे मिटून डुलत डुलत एकोणिसाचा पाढा! 'अगं, तू? तू तर मोकळी ना?' तर डोळे उघडून काय म्हणावं, 'मोकळी हाव म्हनून तं बसली. तुमीच म्हटलं ना, मनात येईल ते कर?' बोला! आणि तो पठ्ठ्या आला, कानात तलावाचा गाळ, त्याला म्हटलं, 'न विचारता अंगण ओलांडलंस?' 'विचारून गेलो ना बाबूजी.' 'कुणाला?' 'ताईले. ते मोकळी हाये, तिनं हो म्हटलं.'

तुम्हाला सांगतो, मी ओसरीवर येऊन बसलो तो बसलोच. मोकळी होती ती आपखुशीनं खोलीत, आणि कोंडलेला होता तो रीतसर परवानगी काढून म्हशीवर! यातला शिस्तीतला कोण आणि मोकळा कोण?

शेतातही तेच. खेकड्यांनी धुरा पोखरला, इकडचं खताचं पाणी तिकडे गेलं, आणि कापणीला दोन्हीकडचा धान सारखाच उंच. ग्रामसेवक या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडला, डोकं खाजवलं, म्हणाला, 'असं पुस्तकात नाही जी,' आणि सायकलवर बसून निघून गेला. त्याला बरं, त्याला सासू येणार नव्हती.

माझी आली. बंडी दारात थांबली. गोवर्धननं आधी वाकून नमस्कार केला, अगदी कपाळ टेकवून, मग, 'आजी, बंडीवर चढू का?' आणि त्या काही बोलायच्या आत चाकावर पाय देऊन वर! सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'हा दबला हाये का माजला हाये जी?' म्हटलं, 'आई, मलाही तेच विचारायचं होतं.'

'मंग चाला. कपडे बांधा लेकरांचे.'

अहो, बोलायचं खूप होतं. सगळं पाठ करून ठेवलं होतं मी, दोरी, धुरा, जपान... आणि वळलो कपडे आणायला!

शामकला मधे आली. 'आमी नाही येत.'

'काऊन गं?'

'मंग बाबूजीले कोनापाशी ठेवू? हाक मारल्याबिगर जेवन सुचत नाही. आमी घरी नसलो तं दिवाबी नाही लावत, तसेच अंधारात बसून राहतात. मी मोकळी हाव. मी ठरवलं.' आणि बंडीवरून गोवर्धन, 'ताईनं हो म्हटलं, आता मले विचारा लागत नाही!'

सासूबाई खाली बसल्या. पदर डोळ्यांना लावला. मग नाक ओढून मला म्हणतात, 'जवाईबापू, लेकरं राहू द्या. तुमालेच न्याव म्हटलं तं माह्या घरी जागा नाही.' आणि शामकलाच्या तोंडावरून हात फिरवून, 'पोरी, याईले, तुह्या बाबूजीले, पाहजो बरं.' गेली बंडी.

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, आमच्या घरात दोरी आहे. ताणलेली आहे की सुटलेली आहे, ते ज्या टोकाला मी आहे तिथून दिसत नाही! परवा खळ्यावरून आलो, शामकला चुलीपाशी बसली होती, म्हटलं हिलाच विचारू, 'बाई, तूच सांग, लेकरांना धाकात ठेवावं की मोकळं सोडावं?' तिनं मान वळवलीसुद्धा नाही.

'पयले हात धुवा, पान वाढलं.'

...अंगणात जरा उभा राहिलो. मग धुतले हात. काय करता!