ओल्या वाळूवर मांडलेली चूल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण किहीमच्या बैलगाडी शर्यतीला आम्ही दुकान मांडलं ते चक्क समुद्रात.

आमचं हॉटेल म्हसळ्याचं. मामा मालक, मी आचारी. शर्यतीसाठी मामांनी हॉटेल दोन दिवस बंद ठेवलं आणि वाटाण्याची उसळ दोन मोठी पातेली भरून करायला लावली. सकाळी ओहोटी होती. बाकीचे दुकानदार लांब नारळींखाली बसले होते.

"येडे आहेत," मामा म्हणाले. "गिऱ्हाईक इथं, आणि हे तिकडं!"

आम्ही थेट शर्यतीच्या वाटेशेजारी, ओल्या वाळूवर चूल मांडली. मला शंका आली होती, पण मामांपुढे बोलायची हिंमत नव्हती.

शर्यत संपली, लोक उसळ-पावाला गर्दी करू लागले, आणि चूल फुस्स करून विझली. खाली बघतो तर घोटाभर पाणी. गिऱ्हाइकं पळाली. गरम पातेली आम्हा दोघांना उचलेनात. तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी चारचौघांत ओरडलो, "अहो, कुणी गाडी आणा!"

शर्यतीत शेवटचा आलेला एक गाडीवान तोंड पाडून घरी निघाला होता. त्याने गाडी वळवली, पातेली चढवून घेतली आणि बैल असे हाकले की लाट मागेच राहिली.

नारळींखाली पोचल्यावर मामांनी हात जोडले. "दादा, तुम्हाला काय देऊ?"

"उसळ वाढा," तो मिशीला पीळ देत म्हणाला, "आणि कोनी इचारलं तर सांगा, आज म्या दर्याला हरवला."