भावासाठी लिहिलेलं गाणं

दवाखान्याच्या मेडिकलसमोर मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढच्या मुलीने न फोडलेल्या इंजेक्शनांची पिशवी काउंटरवर ठेवली.

“हे परत घ्या, भाऊ.”

“पेशंटले सुट्टी झाली का?”

“नाही. परवा वारला. माहा भाऊ होता. काल माती दिली.”

“थांबा ताई, पाहतो.”

तेवढ्यात रांगेत नुकतीच आलेली एक बाई पुढे सरकली.

“पोरी, तू जेमिमा नं वं? मोबाइलवर येशूचं गाणं म्हणते ते?”

“हो, मावशी.”

“मी भिवापूरची. आम्ही तुमच्या धर्मातले नाही, पण माह्या नवऱ्याच्या कानापाशी तुहं गाणं रोज लावतो. बारा दिवस झाले, बेशुद्ध हायेत. काल ‘प्रभू, माझ्या भावाला उठव’ लागलं, तं त्यायचं बोट हाललं.”

“खरंच?”

“नर्सनंही पाह्यलं. तूच लिवलं नं ते?”

“हो. वरच्या वॉर्डात, त्याच्या खाटेपाशी बसून.”

“म्हणूनच आतपर्यंत जाते. देवानं तुहं ऐकलं, तसं माहंही ऐकन का वं?”

मेडिकलवाल्याने पिशवीतून हात बाहेर काढला आणि तो मुलीकडे पाहत राहिला.

“ऐकन, मावशी. तुम्ही लावत राहा.”

“आवाज काहून बसला तुहा?”

“काल चर्चमध्ये तेच गाणं म्हटलं. भावासमोर.”

“मंग तं त्याले लय बरं वाटलं असन.”