दोन्ही सारख्याच

डोळ्यांत औषध घालून बसलेल्या शिंपीणबाईंना समोरचं काही दिसत नव्हतं. शेजारच्या बाकावर दवाखान्याच्या कंप्युटर विभागातल्या दोघी बोलत होत्या, त्या मात्र स्पष्ट ऐकू येत होत्या.

“मॅडम, एक बिघडली तर दुसरीत सगळं असावं म्हणून ज्या दोन डिस्क जोडल्या, त्या दोन्ही सारख्याच आहेत असं मी मशीनला सांगून टाकलं. एकीवरून दुसरीवर पूर्ण कॉपी करायला अकरा तास लागले असते.”

“दोन्ही कोऱ्या असतील तर चालतं. पुढे लिहिलेलं दोन्हीकडे जातं.”

“पहिलीत जुने एक्स-रे होते. आज कळलं.”

“आणि दुसरीत?”

“काहीच नाही. तरी पडद्यावर सगळं ठीक म्हणून हिरवंगार दिसतंय.”

“दिसणारच. तूच तसं सांगितलंस ना. आता पहिली बंद पडली तर?”

“जुने सगळे गेले.”

“अजून चालू आहे ना? मग तिच्यावरून दुसरी पूर्ण भरायला लाव. आत्ताच.”

“साहेब विचारतील, काम तर परवाच झालं म्हणालीस.”

“विचारू देत.”

“तुम्ही बोलता का त्यांच्याशी?”

“नाही गं. फोन तूच कर.”

मग बाईंना फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला.

“साहेब, मी बोलतेय. त्या दोन डिस्क सारख्या नाहीत. मी न बघताच तसं सांगितलं होतं.”