आदर्श जोडप्याचं बक्षीस

मंडळी, मला बोलणं जड जातंय. म्हणून झालं ते आधी क्रमाने सांगते.

१. माझी थोरली बहीण सुनंदा मंगळवारी सकाळी हृदयविकाराने गेली.
२. भाऊजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तिने हाक मारली नाही, असं त्यांनीच सांगितलं.
३. काल तुमच्या सोसायटीच्या कमिटीने ठरवलं की गणपतीतलं ‘आदर्श जोडपं’ बक्षीस यापुढे तिच्या नावाने द्यायचं.

तुम्ही सगळे ताईच्या शोकसभेला आलात, हे मला कळतं. तरी मला तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलायचंय.

ते बक्षीस ताई-भाऊजींना मिळालं तेव्हा मी डोंबिवलीला आले होते. सेक्रेटरीकाका, तुम्ही म्हणालात, “यांच्या घरातून कधी आवाज ऐकलाय कुणी? आमच्याकडे कुकरपेक्षा आम्हीच जास्त शिट्ट्या मारतो.” मग ताईच्या हातात माइक दिलात. “वहिनी, गुपित सांगा.” ताई म्हणाली, “हे माझ्याशी बोलतच नाहीत.”

सगळा मंडप हसला. तिला नारळ आणि समई मिळाली.

ती गंमत नव्हती. भाऊजी, तुम्ही समोर बसला आहात. मी चुकत असेन तर आत्ता सांगा.

बरं.

मी ठाण्याला कारखान्यात पंपाच्या मोटारी तपासते. आवाज येत नाही म्हणून मोटार चांगली, असं आम्ही धरत नाही. ती चालू आहे का, ते आधी बघतो. इथे ते कुणी बघितलं?

ताई झोपेच्या गोळ्या घ्यायची. माझ्याकडे आली की गोळीशिवाय झोपायची. पोटभर जेवायची, भाजीवालीशी हुज्जत घालायची. तिला परत सोडायला निघालो की शीळफाट्याला बस डोंबिवलीकडे वळताना ती पर्समधली गोळ्यांची पट्टी चाचपायची. मी म्हणायचे, “ताई, भाऊजींना सांग ना.” ती म्हणायची, “काय सांगू गं? मारत नाहीत, पीत नाहीत. लोक म्हणतील, हिचंच डोकं फिरलंय.”

मघाशी इथे कुणीतरी म्हणालं, ती मनाने कमकुवत होती. माझ्या घरी ती कमकुवत नव्हती. बाई तीच होती. घर वेगळं होतं.

तिचं नाव त्या बक्षिसाला देऊ नका. पुढच्या गणपतीत आणखी एखादी त्या माइकपाशी उभी राहील. तिला कुणी ताईचा दाखला द्यायला नको.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची पद्धत आहे. मी तसं सुचवणार नाही. त्या घरात शांतता पुष्कळ झाली. ताईला नमस्कार करते.

सेक्रेटरीकाका, कमिटीचं उत्तर मला रविवारपर्यंत कळवा.